कारखान्यामागचा आकडा

सगळे तिला भाडेताई म्हणायचे. नाव ऐकून नवख्या माणसाला वाटायचं, बाईंच्या नावावर दोन-चार इमारती असणार आणि एक तारखेला त्या पर्स उघडून बसत असणार. प्रत्यक्षात तिच्या मालकीचं म्हणाल तर एक शिलाई मशीन, तेही आईचं, एक काळी छत्री आणि चपलांचे दोन जोड. दोन का, तर एक झिजायला आणि दुसरा, पहिला झिजला की झिजायला. तिचं कामच तसं होतं. शहरात भाड्याने राहणारे लोक किती भाडं देतात, हे दर तीन महिन्यांनी दारोदार जाऊन विचारायचं आणि आकडेवारीच्या कार्यालयात नेऊन द्यायचं. सव्वीस वर्षं ती हेच करत होती आणि या सव्वीस वर्षांत तिला कायम करावं असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. फॉर्ममागे पैसे मिळायचे. फॉर्म भरला तर पैसे, दाराला कुलूप असलं तर नुसती पायपीट. नवरा होता म्हणे एकेकाळी. तो गेला. म्हणजे मेला नाही, नुसता गेला. त्याचं कुलूप तिने एकदा बघितलं आणि पुन्हा त्या दाराशी गेली नाही.

कार्यालयाने शहराचे तीन भाग पाडले होते: नदीकाठ, टेकडी आणि कारखान्यामागे. नदीकाठी पैसेवाले, टेकडीवर पगारवाले आणि कारखान्यामागे उरलेसुरले. कारखाना बंद पडून पंधरा वर्षं झाली, पण पत्ता सांगताना लोक अजून कारखान्यामागेच म्हणायचे. भाडेताईकडे हा भाग होता आणि ती राहायचीही तिथेच. तिच्या यादीत शेहेचाळीस घरं. तीच घरं, तेच प्रश्न. खोल्या किती? पाणी किती वेळ येतं? संडास आत की बाहेर? भाडं किती? आणि भाडेकरू नवा असेल तर एक जादा प्रश्न, आधीचे लोक का सोडून गेले? सगळं मिळून कार्यालय प्रत्येक भागाचा एक आकडा काढायचं. वर्षभरात भाडी इतके टक्के वाढली. तो पेपरात यायचा, चार ओळींत, कुणी वाचायचं नाही.

ती वाचायची. कात्रण कापून ठेवायची. तिला त्याचा अभिमान होता आणि तो लपवण्याइतकी ती हुशार नव्हती. कार्यालयाचा एक नियम तिला फार आवडायचा: सांगणारा सांगेल तेच लिहायचं, पदरचं एक अक्षर घालायचं नाही. "आमच्याकडे सगळी दारं सारखी," ती सांगायची. "आठ खोल्यांचा बंगला असो की पत्र्याची खोली, एक घर, एक ओळ." लोकही तिला भाड्याबरोबर बाकीचं सगळं सांगायचे. सून कशी वागते, गुडघा कुठे दुखतो, मालक जिन्यातला दिवा का लावत नाही. या गोष्टींना फॉर्मवर जागा नव्हती, पण ती ऐकून घ्यायची. म्हणून तर तिला दारं उघडी मिळायची.

घरी आई. वय एकोणऐंशी. चाळीस वर्षं मशीनवर बसून तिने लोकांचे कपडे शिवले आणि मग डोळ्यांत काचबिंदू उतरला. डॉक्टर म्हणाले, नजर हळूहळू जाईल. आईने त्या हळूहळूचा पुरेपूर फायदा घेतला. दिसतंय तोवर तिने कपाटातल्या चिंध्या काढल्या, त्यांची तिपेडी वेणी घातली आणि पलंगापासून मोरीपर्यंत भिंतीला कमरेइतक्या उंचीवर खिळे ठोकून ती दोरी बांधून टाकली. दोरीला गाठी मारल्या. पहिली गाठ आली की स्वयंपाकघराचं दार, दुसरी आली की ओटा, तिसरी आली की उजव्या हाताला नळ. पुढे काहीच दिसेनासं झालं तेव्हा आईचं काही अडलं नाही. भाडेताई संध्याकाळी घरी यायची तेव्हा भात झालेला असायचा, चहाचं आधण ठेवलेलं असायचं. कुणी कीव करायला आलं तर आई त्याला उभं करायची नाही.

"मला दिसत नाही, पण माझं काही अडत नाही," ती म्हणायची. "तुम्हाला लख्ख दिसतंय, तरी तुमचं रोज काहीतरी अडलेलंच."

डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र बजावली होती. बाई या घरात चालतायत ते घर पाठ आहे म्हणून. घर बदलू नका. या वयात नवं घर पाठ होत नाही. भाडेताईने ते ऐकलं आणि त्या दिवसापासून तिला दुसरी कसली भीती राहिली नाही. एवढी एक पुरेशी होती.

इमारत होती दोन मजली, अकरा बिऱ्हाडांची. मूळ मालक होते तोवर भाडेवाढीचा विषय "बघू पुढच्या वर्षी" यावरच मिटायचा. ते वारले आणि व्यवहार जावयाच्या हातात आला. हा जावई म्हणजे बोलायला साखर. कधी आवाज चढवायचा नाही, प्रत्येक वाक्याआधी "ताई" आणि वाक्यानंतर "बरोबर ना?" त्याने अकराही बिऱ्हाडांना कळवलं की नवा करार करू आणि दरवर्षी भाडं बाजारभावाप्रमाणे वाढवू. झालं, सगळी इमारत भाडेताईच्या खोलीत गोळा झाली. तिथे तिने आयुष्यातली सगळ्यात शहाणपणाची सूचना केली. निदान तेव्हा तिला तसं वाटलं.

"बाजारभाव कोण ठरवणार? तेच ठरवणार," ती म्हणाली. "त्यापेक्षा आमच्या कार्यालयाचा आकडा लिहून घ्या. आपल्या भागाचा जो आकडा निघेल तेवढीच वाढ. त्या आकड्याला ना मालकाची भीड, ना आपली. तीन टक्के, फार तर चार."

खालच्या मजल्यावर ब्लाउज-परकर शिवणारी एक शेजारीण राहायची. आईच्याच हाताखाली शिकलेली. ती म्हणाली, "बघा, घरात शहाणं माणूस असलं की वकील लागत नाही." सगळ्यांनी सह्या केल्या. जावयाने तर हसत हसत केली. चार वर्षं सगळं तीन आणि साडेतीनवर चाललं आणि भाडेताई जिन्यातून जाताना लोक तिला वाट करून द्यायचे.

मग कारखान्याच्या जागेवर मोठं इस्पितळ उभं राहिलं. चारशे खाटांचं. चारशे खाटा म्हणजे शेकड्याने नर्स, डॉक्टर, तंत्रज्ञ, आणि त्या सगळ्यांना चालत जाता येईल अशी खोली हवी. कारखान्यामागच्या मालकांना एकदम साक्षात्कार झाला की आपण सोन्याच्या खाणीवर बसलोय आणि वर जुने भाडेकरू बसलेत. दोन खोल्यांत पडदी घालून चार झाल्या. जुन्या लोकांना कुणी दुरुस्तीच्या नावाखाली काढलं, कुणी पाणी तोडून. भाडेताई दारोदार जाऊन हे लिहून घेत होती. सांगणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं तरी फॉर्मवर फक्त आकडा चढायचा.

तिने घरी कच्चा हिशेब केला. शेहेचाळीस घरांपैकी सतरा घरांत नवे भाडेकरू आलेले, भाडी भरमसाट. एकोणतीस घरांत जुनीच माणसं, जुनीच भाडी. सगळ्यांची सरासरी निघाली तर या वर्षी नऊ टक्के. तिचं भाडं नऊ हजार. महिन्याला हातात येणार अठरा, त्यातले तीन आईच्या औषधांना. त्या नऊ टक्क्यांचं काय करायचं हे तिला कळेना. दुकानदाराची उधारी आधीच मानेपर्यंत आली होती. पाच टक्के असते तर कसंबसं निभावलं असतं. पाच आणि नऊ यांच्यामध्ये तिची आई उभी होती, दोरी धरून.

त्या फेरीत ती घड्याळवाल्या काकांकडे गेली. काका घड्याळं दुरुस्त करायचे, आता हात थरथरतो म्हणून बंद. एकट्याची खोली, भाडं चार हजार, बावीस वर्षांपासून. ते दरवेळी एकच प्रश्न विचारायचे, "पोरी, हे लिहून काय होतं?" आणि ती दरवेळी सांगायची, "खरा आकडा निघतो, काका. आकडा खरा असला की कुणाला लुबाडता येत नाही." या वेळी काकांनी तो प्रश्न विचारला नाही.

"मालक तुझ्या आकड्याची वाट बघतोय," ते म्हणाले. "म्हणतो, कार्यालयाचा आकडा येऊ दे, मग तुझं बघतो. किती येणार गं?"

"अजून निघायचाय, काका."

"कमी निघू दे हं." ते हसले, पण हसताना त्यांनी थरथरणारा हात दुसऱ्या हाताखाली दाबून धरला होता.

दोन वर्षांपासून कागदी फॉर्म जाऊन टॅब आला होता. टॅबवर भाड्याची चौकट उघडी होती. भाडेताईने त्यात चारऐवजी साडेतीन हजार लिहिलं. बटण दाबलं. टॅब काही बोलला नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिने खोटं लिहिलं आणि आभाळ कोसळलं नाही, जिन्यात कुणी भेटलं नाही, बाहेर रिक्षावाले नेहमीसारखे भांडत होते. एकदा मांजराने दुधात तोंड घातलं की मग काय. नव्या भाडेकरूंच्या बाबतीत टॅब पावतीचा फोटो मागायचा, तिथे काही करता येत नव्हतं. जुन्यांना पावती कोण विचारतो? महिनाभरात तिने एकोणतीसच्या एकोणतीस घरांची भाडी आठवा-नववा हिस्सा खाली आणली. आकडा पाचच्या वर जायलाच नको, म्हणून तिने हात सैल सोडला. तिला अपराधी वाटलं का? वाटलं. पण त्याहून जास्त वाटला तो हलकेपणा. ती घरी आली आणि आईला म्हणाली, "या वर्षी आपण इथेच."

"मग काय जाणार होतो की काय?" आई म्हणाली. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात आकडा पेपरात आला. नदीकाठ चार टक्के, टेकडी सहा, कारखान्यामागे एकतीस.

तिने तो तीनदा वाचला. छपाईची चूक असेल म्हणून कोपऱ्यावर जाऊन दुसरा पेपर घेतला. त्यातही एकतीस. मग ती चहा न पिता कार्यालयात गेली. तिथले साहेब तिच्याहून वीस वर्षांनी लहान, वाईट माणूस नाही, फक्त घाईत असायचे. तिला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"ताई, तुमचा भाग गाजला. सकाळपासून तीन फोन आलेत."

"साहेब, हा आकडा कसा निघाला?"

"टॅबने काढला. का?"

"माझी एकोणतीस घरं कमी भाड्याची होती."

साहेबांनी संगणकात बघितलं. "हो, ती बाजूला गेलीत. जुना भाडेकरू आणि भाडं दहा टक्क्यांहून जास्त उतरलेलं, शिवाय कारण लिहिलेलं नाही, तर टॅब ती नोंद चुकीची धरतो आणि सोडून देतो. प्रशिक्षणात सांगितलं होतं की."

प्रशिक्षण. ते झालं त्या दिवशी सकाळी सही करून आणि चहा-बिस्कीट खाऊन ती अकरा वाजता निघाली होती, कारण आईची डोळ्यांच्या डॉक्टरांकडची वेळ साडेअकराची होती. कागदाच्या जमान्यात कारकून सगळ्या ओळींची बेरीज करायचा, एक घर, एक ओळ. तिला वाटलं टॅबही तेच करतो.

"मग राहिली किती घरं?" तिने विचारलं.

"सतरा. पंधरा असली तरी चालतं."

सतरा. सगळी नवी, सगळी इस्पितळाजवळची. तिने हाताने उतरवलेली एकोणतीस घरं टॅबने उचलून बाहेर टाकली होती आणि उरलेल्यांचं भाडं म्हणजे सगळ्या कारखान्यामागचं भाडं झालं होतं. तिने काहीच केलं नसतं, तर नऊ आला असता. नऊला ती घाबरली होती. माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो तेव्हा निदान एकाच पायावर पाडतो. हिने सगळ्या वस्तीच्या पायांवर पाडला होता.

तिने दार लोटून घेतलं आणि साहेबांना सगळं सांगितलं. उभ्यानेच सांगितलं.

"ताई," ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही आत्ता जे बोललात ते मी ऐकलेलं नाही."

"पण आकडा चुकलाय. तो मागे घ्या ना."

"छापून आलेला आकडा मागे घ्यायचा म्हणजे चौकशी. चौकशी वर्षभर चालते. तोवर हाच आकडा चालू. तुम्ही त्याच दिवशी घरी, मी सहा महिन्यांनी. मला दोन मुलं आहेत हो. आणि शेवटी काय, तर पुढच्या वर्षी बारीक अक्षरात एक टीप येईल." त्यांनी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. "जा तुम्ही. पुढच्या फेरीत नीट भरा, सगळं जागेवर येईल."

पुढच्या फेरीला तीन महिने होते. करारातली वाढ दहा दिवसांवर.

जावई स्वतःच आला. हातात पेपरचं कात्रण, तिच्यासारखंच नीट कापलेलं. नवं भाडं अकरा हजार सातशे नव्वद, आणि त्या हिशेबाने डिपॉझिटची भर. आई आत स्वयंपाकघरात बसून चिंध्या निवडत होती.

"ताई, मी एक पैसा जास्त मागत नाही," तो म्हणाला. "तुमचंच कार्यालय, तुमचाच आकडा, तुमचीच अट. बरोबर ना?"

"आकडा चुकलाय," ती म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते," ती आवाज खाली आणून म्हणाली. "मीच तो चुकवलाय."

जावई हसला नाही. तो हुशार होता, त्याला कळलं की ही खरं बोलतेय. त्याने खिशातून पेन काढलं, कराराचा कागद उलटा केला आणि तिच्यापुढे ठेवला. "मग तसं लेखी द्या. मी कार्यालयात नेतो. त्यांनी आकडा चुकीचा ठरवला तर कुणाचंच भाडं वाढवणार नाही, अकराही बिऱ्हाडांचं. शब्द देतो."

तिने पेन हातात घेतलं. लिहून दिलं तर नोकरी त्याच दिवशी गेली. मग नऊ हजारसुद्धा कुठून आणायचे, आणि बावन्नाव्या वर्षी फॉर्म भरणाऱ्या बाईला, तेही खोटे भरणाऱ्या, कोण ठेवून घेणार? आकडा सुधारेल, वर्षभराने. तोवर शेजारपाजारचे कदाचित तग धरतील. ती आणि आई मात्र पहिल्याच महिन्यात रस्त्यावर. नाही लिहून दिलं, तर नोकरी राहते आणि घर जातं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत एक आंधळी म्हातारी चिंध्या निवडतेय. तिने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. अकरा बिऱ्हाडांचे चेहरे एकेक करून तिच्यासमोर आले. तिने पेन खाली ठेवलं.

"बघा, म्हणजे तसं काही नाहीये," जावई म्हणाला आणि पेन खिशाला लावून निघून गेला.

"कोण आलं होतं गं?" आईने विचारलं.

"मालकांचे जावई. सहज आले होते."

"गोड बोलतो," आई म्हणाली. "त्याचं शिवण उसवणार कधीतरी."

दोन महिन्यांत अकरापैकी पाच बिऱ्हाडं गेली. खालची शेजारीण पहिली. तिचं मशीन हातगाडीवर बांधलं तेव्हा ती वर भेटायला आली, आईच्या पाया पडली आणि भाडेताईचे दोन्ही हात धरून रडली. "तुमच्या त्या अटीमुळे चार वर्षं तरी टिकलो, ताई. नाहीतर कधीच हाकललं असतं. तुम्ही तरी काय करणार, आकडा काय तुमच्या हातात असतो?" भाडेताईला वाटलं, आत्ता सांगून टाकावं. तोंडही उघडलं. खालून हातगाडीवाला ओरडला आणि शेजारीण पदराने डोळे पुसत जिना उतरली. त्यानंतर भाडेताईने इमारतीतल्या कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही. लोक समजायचे, बिचारी स्वतःच्या काळजीत आहे. घड्याळवाल्या काकांना त्यांचा पुतण्या येऊन घेऊन गेला म्हणे. पुतण्या होता की नव्हता, हे कुणी विचारलं नाही.

मग तिची पाळी. बस जिथे संपते त्याच्याही पुढे, वीटभट्ट्यांच्या पलीकडे एक खोली मिळाली. एकच. नळ बाहेर, सहा घरांत एक, संडास त्याच्या मागे. टेम्पो दारात भोंगा वाजवत होता, सामान चढवायला फक्त तासभर दिलेला. पलंग, मशीन, भांडी गेली, शेवटी आई गेली, पुढे ड्रायव्हरशेजारी. दोरी भिंतीवरच राहिली. भाडेताईने ती बघितली होती. नव्या खोलीत तिचा काय उपयोग, असं तिने स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. ते खिळे आईने ठोकले होते, तिच्याने ते उपटवेनात.

नव्या खोलीत पहिल्या सकाळी आई उठली आणि भिंतीवर हात फिरवत राहिली. "दोरी आणलीस ना?"

"राहिली गं. आणते उद्या."

तो उद्या काही आला नाही. आई दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या पेटीला अडखळून पडली, मनगट सुजलं. तिसऱ्या आठवड्यात दाराबाहेरच्या पायरीवरून घसरली. त्यानंतर ती पलंगावरून उठेनाशी झाली. पाणी, चहा, मोरी, सगळ्यासाठी लेक येईपर्यंत थांबायची. दिवसभर पाणीच प्यायची नाही, म्हणजे जावं लागणार नाही. भात आता भाडेताईच करायची. आई कुणाला टोमणा मारेना, कुणाची फिरकी घेईना. एकदा नुसती म्हणाली, "मी आता आंधळी झाले गं." आठ वर्षांपूर्वी तिची नजर गेली होती, पण हे ती पहिल्यांदा म्हणत होती.

आणि फेरी आली. टॅबवर नवी यादी उमटली. बंद पडलेल्या घरांच्या जागी टॅब आपणहून शेजारची घरं निवडतो. कार्यालयात काम करणाऱ्याचं स्वतःचं घर यादीत घ्यायचं नाही असा नियम आहे, म्हणून सव्वीस वर्षं तिचं घर कधी यादीत आलं नव्हतं. आता ते तिचं नव्हतं. चौतिसाव्या ओळीत इमारतीचं नाव, दुसरा मजला, डावीकडचं दार.

ती दारात उभी राहिली आणि सवयीने किल्ली शोधायला पर्समध्ये हात घातला. मग बेल वाजवली. एका तरुण मुलीने दार उघडलं, इस्पितळातली नर्स, रात्रपाळी करून आलेली, डोळे सुजलेले. अशा तिघी मिळून राहतात म्हणाली. "या ना, बसा. फक्त हळू बोला हं, आत दोघी झोपल्यात."

भाडेताई जिथे पलंग असायचा तिथे खुर्चीवर बसली. खोल्या किती? दोन. पाणी? सकाळ-संध्याकाळ. संडास? आत. या उत्तरांसाठी विचारायची गरज नव्हती, पण विचारायचं असतं.

"भाडं?"

"साडेतेरा. तिघींत वाटून घेतो. तरी अर्धा पगार जातो हो." नर्सने पावती दाखवली. भाडेताईने फोटो काढला, साडेतेरा हजार लिहिलं. एक पैसा कमी नाही, एक पैसा जास्त नाही.

नवा भाडेकरू म्हणून टॅबने जादा प्रश्न पुढे केला.

"तुमच्याआधी इथे राहणारे का सोडून गेले, माहीत आहे का?"

"मालकांचे जावई म्हणाले होते काहीतरी. एक बाई होत्या आणि त्यांची आई." नर्सने जांभई दाबली. "हां, त्यांनी म्हणे स्वतःचं घर घेतलं. नशीबवान."

टॅबवर चार पर्याय होते. स्वतःचं घर, बदली, कौटुंबिक कारण, इतर. सांगणारा सांगेल तेच लिहायचं. या नियमावर तिने सव्वीस वर्षं काढली होती आणि तो एकाच फेरीत मोडला होता. भाडेताईने पहिल्या पर्यायावर बोट ठेवलं. टॅबने ही नोंद बाजूला टाकली नाही, लगेच स्वीकारली.

ती उठली तेव्हा नर्स म्हणाली, "तुम्ही इतकी घरं बघता, तुम्हाला ठाऊक असेल. ही दोरी कशाला बांधली असेल हो? कपडे वाळत घालायला तर खूप खाली आहे. रोज काढून टाकीन म्हणते, राहूनच जातं."

"कुणीतरी धरून चालत असेल," भाडेताई म्हणाली. आणि थोडं थांबून, "मी नेऊ का?"

नर्सला आश्चर्य वाटलं, पण तिने सुरी आणून दिली. भाडेताईने एकेका खिळ्यावरून दोरी सोडवली, सुरी न लावता, आणि गुंडाळी करून पर्समध्ये ठेवली.

खोलीवर पोचली तेव्हा अजून ऊन होतं. तिने दोरी आईच्या मांडीवर ठेवली. आईने ती चाचपली, वेणीचा पेड बोटांनी ओळखला आणि कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा उजळला. "आपलीच," ती म्हणाली. "बांध लवकर."

भाडेताईने पलंगाच्या खुराला एक टोक बांधलं आणि भिंतीभिंतीने, होते त्या खिळ्यांवरून, दारापर्यंत दोरी नेली. बांधून होते न होते तोच आई उठून उभी राहिली. हात धरू दिला नाही. पहिली गाठ आली, आई सवयीने स्वयंपाकघराकडे वळली आणि तिचा खांदा भिंतीला घासला. ती सरळ झाली, पुढे निघाली. दुसरी गाठ. तिसरी गाठ आली तशी तिने उजवा हात पुढे केला आणि नळ सोडावा तसं मनगट फिरवलं. हातात काहीच नव्हतं. तिने पुन्हा फिरवलं. मग आणखी थोडा पुढे हात नेला, तर दाराची चौकट लागली.

"नळ कुठे गेला गं?"

भाडेताईने तिचा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "आई, चूक माझी आहे. माझ्यामुळेच झालं हे सगळं."

"तुझी कसली चूक?" आई म्हणाली. "गाठी मीच मारल्यात. मोजताना चुकले असेन."

तिने हात सोडवून घेतला, दोरी धरून पलंगापर्यंत मागे गेली आणि पहिल्या गाठीपासून पुन्हा मोजायला लागली.